टम्म फुगलेली, ताजी, घरपोच

९ डिसेंबर, मंगळवार

आज मी गाडीची मालकीण झाले. हे वाक्य मला फार आवडलं म्हणून पुन्हा लिहिते. आज मी, दीपमाला, वय चव्वेचाळीस, गाडीची मालकीण झाले.

गाडी विजेवरची, सेकंडहँड, रंग शेवाळी. आधीच्या मालकाने बॅटरी ठेवून घेतली आणि नुसती गाडी विकली, म्हणून बॅटरी बुधवार पेठेतून वेगळी आणली. दुकानदार ऋषी, वयाने लहान पण तोंडाने भारी. म्हणाला, "ताई, खोकं जुनं आहे, पण आतले सेल मी स्वतः निवडून भरलेत. नव्याच्या तोंडात मारेल." वर सूचनांचा एक छापील कागदही दिला. चांगला जाड कागद आहे. घरी आल्यावर तेलाच्या बरणीखाली घातला.

बुधवार पेठेतून स्वारगेट आणि तिथून थेट धायरी, एकटी आले! स्वारगेटला एका बसवाल्याने हॉर्न दिला, मी पण दिला. घरी पोचल्यावर ह्यांना फोन केला, "अहो, मी गाडीवरून आले!" हे म्हणाले, "गाडी पण आली का?" वाशीमचा माणूस अठरा वर्षं पुण्यात राहिला की असा होतो.

दिवाळीपासून मी इडलीचं पीठ विकते. पीठ म्हटलं की लोक गव्हाचं समजतात, म्हणून "बॅटर" म्हणायचं, असं खालच्या उत्कर्षाने शिकवलं. आमची बिल्डिंग तिच्या सासऱ्यांच्या शेतावरच उभी आहे, त्यामुळे तिचा शब्द इथे शेवटचा. आता पायी पिशव्या वाहणं बंद. आता मी गाडीवर बॅटर पोचवणार.

एकच कटकट आहे. पार्किंगमध्ये प्लग नाही आणि बिल्डिंगला लिफ्ट नाही, त्यामुळे बॅटरी सीटखालून काढून तिसऱ्या मजल्यावर आणावी लागते. दहा किलो तरी असेल. घरात रिकामा प्लग एकच, बाहेरच्या दाराच्या मागे, चपलांच्या रॅकशेजारी. तिथून दोन हातांवर सासूबाईंचा पलंग. त्या दसऱ्यापासून जिना उतरलेल्या नाहीत, गुडघे साथ देत नाहीत. बॅटरीकडे बघून म्हणाल्या, "हे कोन पाव्हनं आनलं?"

१३ डिसेंबर, शनिवार

थंडीने घात केला. पीठ दोन दिवस फुगतच नाही. भांडं पांघरुणात ठेवलं, गॅसच्या शेगडीजवळ ठेवलं, काही उपयोग नाही. तरी तसंच विकलं. संध्याकाळी उत्कर्षा जिन्यात भेटली. "ताई, इडल्या छान होत्या. दार आपटू नये म्हणून खाली लावायला काहीतरी हवंच होतं."

हसले, पण घरात येऊन रडले. हे असं चाललं तर संक्रांतीपर्यंत एक गिऱ्हाईक राहणार नाही. गाडीवर मिरवत न्यायचं काय, दगड?

१४ डिसेंबर, रविवार

मला शोध लागला! काल ओट्यावर जागा नव्हती म्हणून पिठाचं पातेलं दाराजवळ, चार्जिंगला लावलेल्या बॅटरीवर ठेवलं. सकाळी बघते तर झाकण वर उचललेलं आणि पीठ बाहेर डोकावतंय! बॅटरी चार्ज होताना छान कोमट होते. तीच ऊब लागली.

इडल्या अशा झाल्या की ह्यांनी अकरा खाल्ल्या आणि मगच टोमणा मारला. आजपासून वेळेची नोंद ठेवणार, धंदा म्हटला की शास्त्र हवं. पीठ फुगायला लागलेला वेळ: आठ तास.

१९ डिसेंबर, शुक्रवार

सात तास! मधे सव्वासातसुद्धा होते. ऊब वाया जाऊ नये म्हणून आता बॅटरीला सासूबाईंची जुनी गोधडी गुंडाळते. सासूबाईंनी पलंगावरून हात लांबवून गोधडीत घातला आणि म्हणाल्या, "इचं आंग तापलं वं माय. इले ताप हाये." मी म्हटलं, "आई, ती ऊब आहे." तर म्हणतात, "मी पाच लेकरं वाढवली. ताप मले समजते."

जुन्या माणसांना यंत्राचं काय सांगायचं! उत्कर्षाने आज चक्क दोन डबे मागितले. तिच्या जावेलाही हवेत.

२७ डिसेंबर, शनिवार

साडेपाच तास. माझ्या हाताला गुण आला आहे, दुसरं काही कारण दिसत नाही. डाळ तीच, तांदूळ तेच.

ऋषीकडून मोठा चार्जर आणला, जुना फार रेंगाळायचा. तो म्हणाला, "ह्या बॅटरीला हा चालेल की नाही, बघून सांगतो." मी म्हटलं, "राहू दे, मी लावून बघते." लावला आणि चालला. आता दिवसातून दोनदा चार्ज होते, म्हणजे पिठाचे दोन घाणे!

बॅटरीने मात्र बाळसं धरलंय. सीटखालच्या खणात सहज जायची, आता अडकते. कडेला खोबरेल तेल लावून, वर सीट दाबून, सीटवर स्वतः बसून बंद केली. सीट थोडी उचललेली राहते, पण त्यामुळे उंच बसल्यासारखं वाटतं आणि पुढचं छान दिसतं. पूर्वी एका चार्जिंगमध्ये नऱ्ह्यापर्यंत दोन फेऱ्या व्हायच्या, आता एकच होते. थंडीत आळस सगळ्यांनाच येतो.

३० डिसेंबर, मंगळवार

बुधवार पेठेत कार्डं छापायला टाकली. छापखान्याचे श्यामकाका पंच्याहत्तरीचे. चष्म्यावरून बघतात आणि गिऱ्हाइकाला बसा म्हणत नाहीत. मी कागदावर मजकूर लिहून नेला होता: "दीपमाला बॅटर. घरगुती. टम्म फुगलेलं, ताजं, घरपोच मिळेल."

काका म्हणाले, "बॅटर असा शब्द मराठीत नाही."

"लोक म्हणतात, काका."

"लोक बरंच काही म्हणतात. आम्ही छापत नाही."

मग मी खूप गयावया केली. शेवटी म्हणाले, "ठीक आहे. पण शुद्धलेखन मी माझ्या पद्धतीने तपासणार. इथून अशुद्ध काही बाहेर गेलेलं नाही, पंचेचाळीस वर्षं." मला फार आधार वाटला. आपल्यासाठी कोणी इतकं मन लावून काम करतं का?

४ जानेवारी, रविवार

साडेचार तास. घरात दोन दिवस गोडसर वास येतोय, पिकलेल्या फळासारखा, थोडा नेलपॉलिशसारखा. फळं नाहीत, नेलपॉलिशही नाही. पीठच इतकं सुरेख आंबत असणार. सासूबाई म्हणतात डोकं दुखतं. त्यांना बाम लावून दिला.

९ जानेवारी, शुक्रवार

कार्डं आली! पाचशे! वर मोठ्या अक्षरात "दीपमाला" आणि बाजूला समईचं चित्र. माझं नाव मी लग्नपत्रिकेनंतर छापलेलं पाहिलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं, पुढचं वाचलंच नाही. येताना रस्त्याने वाटत सुटले. मेडिकल, किराणा, पार्लर, दोन देवळं, अग्निशमन केंद्राच्या फाटकावर एक गठ्ठा, वडापाववाल्याकडे एक गठ्ठा. घरी पोचेपर्यंत चाळीस उरली, ती ह्यांनी कंपनीत वाटायला घेतली.

उद्या उत्कर्षाची भिशी आहे, पंधरा बायका. इडल्या माझ्या! तिने पहिल्यांदाच टोमणा न मारता सांगितलं, "ताई, तुमच्यावर सोडलंय." उद्या जमलं तर धायरीत माझं नाव झालं म्हणून समजा.

१० जानेवारी, शनिवार, सकाळी अकरा

फोन! सकाळपासून फोन! हे पहिल्या पाळीला गेलेत आणि इथे मी एकटी किती सांभाळू?

पहिला एक माणूस. "इन्व्हर्टरला चालेल का?" म्हटलं, "वीज कशाला हवी? गॅसवर पंधरा मिनिटांत होतं." मग म्हणाला, "वॉरंटी किती?" म्हटलं, "फ्रीजमध्ये चार दिवस." त्याने ठेवून दिला. लोकांना काही समजत नाही.

पण आत्ता आलेला फोन लिहूनच ठेवला पाहिजे. उल्का नावाच्या मॅडम, अग्निशमन केंद्रातून. तिथे तीसेक माणसांचा नाश्ता लागत असणार! बाई इतक्या बारकाईने विचारत होत्या की पुछो मत.

"कार्डावर टम्म फुगलेली लिहिलंय, ते खरं?" त्या फुगलेली, फुगलेली म्हणत होत्या. इडलीबद्दल बोलत असणार.

"अगदी खरं, मॅडम."

"फुगलेली तुम्ही विकता?"

"न फुगलेली कोण घेणार?"

मग, "फुगते कशाने?"

"आता तुम्हाला म्हणून गुपित सांगते. चार्जिंगला लावलेली असते ना, त्या उबेने. आधी आठ तास लागायचे, आता साडेतीन."

"आत्ता चार्जिंग चालू आहे?"

"हो तर. दुपारी पंधरा बायकांची भिशी आहे."

"कुठे ठेवलीय?"

"दाराच्या आत, गोधडीत गुंडाळून."

"बाहेर पडायला दुसरं दार आहे?"

"नाही हो, एकच."

"घरात कोण आहे?"

"मी आणि सासूबाई. त्यांना चालवत नाही."

मग पत्ता विचारला आणि म्हणाल्या, "बटण बंद करा. दुसऱ्या कशाला हात लावू नका. सासूबाईंना घेऊन आत्ताच्या आत्ता खाली या, मी निघाले." सरकारी माणसांचा थाट बघा! ऑर्डर द्यायला येणार त्या, आणि आम्ही खाली उभं राहून स्वागत करायचं! म्हटलं, "तुम्हीच वर या, गरमागरम चव घेऊन जा."

कशाला हात लावू नका, म्हणजे पीठ ढवळू नका म्हणाल्या ते मात्र बरोबर, बाई माहितगार आहे. बटण तेवढं बंद केलं नाही, पीठ अजून बोटभर वर यायचंय. दाराशी स्टूल घेऊन लिहीत बसले आहे. पातेल्याखालून बारीक आवाज येतोय, टिक टिक असा. सासूबाई विचारतायत, "पाल हाये का वं?" खाली गाडी थांबली. आल्या बहुतेक! पदर नीट करते.

१२ जानेवारी, सोमवार

उत्कर्षाच्या घरून लिहिते आहे. डायरी माझ्या कमरेला खोचलेली होती म्हणून वाचली.

दार उघडलं तर गणवेशातल्या बाई, मागे जिन्यात दोन जवान. मी म्हटलं, "या, या." त्यांनी एक श्वास घेतला, गोधडीकडे बघितलं आणि पहिल्यांदा बटण बंद केलं. "सासूबाई कुठे?" एवढंच विचारलं. तेवढ्यात गोधडीतून सूं असा आवाज सुरू झाला, कुकरची शिटी अडकते तसा, आणि पांढरा धूर. मॅडम दोन ढांगांत पलंगापाशी गेल्या, सासूबाईंना उचलून पाठीवर टाकलं आणि धुराच्या कडेने बाहेर.

आणि मी?

मी पातेलं उचललं.

दुसरं कोणी हे वाचणार नाही, म्हणून खरं लिहिते. घरात धूर होता, सत्तर वर्षांची बाई होती, आणि माझे दोन्ही हात पातेल्याकडे गेले. विचार केला नाही. विचार केला असता तर वेगळं वागले असते की नाही, तेही माहीत नाही. सासूबाईंनी मॅडमच्या खांद्यावरून मागे वळून पाहिलं. आधी माझ्याकडे, मग पातेल्याकडे.

आम्ही एक जिना उतरलो नसू तोवर वर भडका उडाला. फटाक्यांची माळ लागल्यासारखे आवाज. जवानांनी पाणी मारलं, कितीतरी वेळ मारलं. विझली म्हणेपर्यंत पुन्हा पेटायची. दार गेलं, चपला गेल्या, ह्यांचा रेनकोट गेला, पलंगाची दाराकडची बाजू जळाली. सासूबाईंची उशी त्याच बाजूला असते.

मी पार्किंगमध्ये पातेलं पोटाशी धरून उभी होते. उत्कर्षा समोर आली, माझ्याकडे बघितलं आणि सासूबाईंसाठी खुर्ची आणायला वळली.

१३ जानेवारी, मंगळवार

उल्का मॅडम पंचनाम्याला आल्या होत्या. कार्ड पुढे केलं. तेव्हा मी ते पहिल्यांदा पूर्ण वाचलं. "दीपमाला बॅटरी. घरगुती. टम्म फुगलेली, ताजी, घरपोच मिळेल." श्यामकाकांनी शब्द सुधारला, आणि बॅटरी स्त्रीलिंगी म्हणून पुढचं व्याकरणही चोख करून ठेवलं! मॅडम म्हणाल्या, "माझ्या टेबलावर रोज शंभर कागद येतात. हा वाचून मी खुर्चीतून उठले." मग दोघी इतक्या हसलो की पंचनामा लिहिणारा जवान थांबून राहिला. काकांची एक वेलांटी चुकली नसती तर सासूबाई आज नसत्या. मी पण नसते.

त्यांना मी तासांची नोंद दाखवली. आठ, सात, साडेपाच, साडेचार, साडेतीन. हसू गेलं त्यांचं. म्हणाल्या, "ताई, हा पिठाचा हिशेब नाही. बॅटरी दिवसेंदिवस जास्त तापत होती, तिचा तक्ता आहे हा." फुगली, तापली, गोड वास आला, पल्ला कमी झाला, ही सगळी तिची आजारपणाची लक्षणं. त्यात भलता चार्जर, वर गोधडी, आणि ठेवली कुठे तर पळायच्या एकमेव वाटेवर. सासूबाई आतून ओरडल्या, "मी म्हनत होती, इले ताप हाये!"

मग मॅडमनी वर जाऊन आमचं अख्खं घर तपासलं. ह्यांचा जुना मोबाईल पाठीतून फुगलेला निघाला, पॉवर बँक पुरीसारखी झालेली, सासूबाईंच्या गादीखालची चार्जिंगची टॉर्च फुगून तडकलेली. तिला सासूबाई बॅटरीच म्हणतात. सगळं घेऊन गेल्या. ऋषीला फोन केला तर तो म्हणाला, "ताई, तो कागद वाचला नव्हता का?" मी ठेवून दिला.

बिल्डिंगच्या सेक्रेटरींनी जिन्यात पाटी लावली आहे: "ज्यांना आपली बॅटरी प्रिय आहे, त्यांनी तिच्यासह मोकळ्या मैदानात राहावे." आता पार्किंगच्या बाहेर भिंतीपाशी उघड्यावर प्लग देणार आहेत म्हणे.

१४ जानेवारी, बुधवार, संक्रांत

तिळगूळ घ्यायला म्हणून बायका येतात आणि सासूबाईंना बघतात. सासूबाई उत्कर्षाच्या सोफ्यावर लोडाला टेकून बसल्यात, आणि सगळ्यांना एकच गोष्ट सांगतात.

"धूर येवढा झाला, बाप्पा! माह्या सुनेनं इकडं पाह्यलं नाही का तिकडं. मले पाठुंगळी घेतलं न् धडाधडा तीन मजले उतरली."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, धुराने त्यांच्या डोक्यावर परिणाम झाला. बायका माझ्याकडे अशा बघायला लागल्या की तिळगुळाचं ताट कुठे लपवू कळेना. एकीने तर मला हळदीकुंकू लावून नमस्कार केला. चौघींनी बॅटरची ऑर्डर दिली. उत्कर्षाने सगळं डोळ्यांनी पाहिलेलं, पण ती खाली मान घालून वाण देत राहिली. एक अक्षर बोलली नाही. पुण्याच्या बाईला हे किती जड गेलं असेल!

सगळ्या गेल्यावर विचारलं, "आई, खोटं काऊन सांगता?" गावची भाषा आपोआप तोंडात आली.

"मंग काय सांगू? माही सून इडलीचं पीठ घेऊन पळाली? उद्या तुह्या हातची इडली कोन खाईन वं?"

मी ताटातून सांडलेले तीळ वेचायला लागले.

"लोकाईले काय सांगाचं ते मी सांगन," म्हणाल्या. "मले मालूम हाये, न् तुले मालूम हाये. पुरे." आणि तिळाचा लाडू तोंडात टाकून टीव्ही लावला.

त्या गोष्टीत दर बाईगणिक भर पडते. संध्याकाळच्या गोष्टीत मी एका हाताने त्यांना आणि एका हाताने पोथी धरली होती.

२५ जानेवारी, रविवार, रथसप्तमी

कालच वर परत राहायला आलो, सासूबाई खुर्चीसकट. नवीन दार, नव्या चपला. गाडी खाली उभी आहे, बॅटरीशिवाय, आणि पिठाचं पातेलं आता गरम पाण्याच्या टोपात बसतं. दहा तास लागतात. लागू देत.

सकाळी उत्कर्षाने पार्किंगच्या उन्हात गोवऱ्या रचल्या, दूध उतू घालायला. सासूबाई खिडकीतून बघत होत्या. म्हणाल्या, "वाशीमले आंगनात घालत होतो." बस, एवढंच.

रोज दहा किलोची बॅटरी मी तीन मजले खाली-वर नेत होते, कडेवर घेऊन, जपून. सासूबाईंना मात्र दसऱ्यापासून मी एकदाही खाली नेलं नव्हतं. मी त्यांच्यासमोर पाठ करून खाली बसले आणि म्हटलं, "बसा."

"पागल झाली काय?"

"बसा, आई."

हे मदतीला पुढे आले, त्यांना म्हटलं, तुम्ही बाजूला व्हा. सासूबाईंनी गळ्यात हात टाकले. उठताना गुडघे कडाकड वाजले, माझे. पहिला मजला उतरले आणि मला हसू आलं. का ते सांगता येत नाही, पण आलं आणि थांबेना. त्याही हसायला लागल्या. हसताना त्या घसरत होत्या आणि ओरडत होत्या, "पाडशीन वं, पाडशीन!" खालच्या दारांतून बायका बाहेर आल्या. उत्कर्षा मोबाईल धरून जिन्याच्या तोंडाशी उभी होती. सासूबाईंनी माझ्या पाठीवरून तिला सुनावलं, "पाह्य. अशीच आनली होती मले तवा."

"पाहिलंय ना मी," उत्कर्षा म्हणाली.

दूध उतू गेलं. सासूबाईंनी उन्हात पाय पसरून तासभर सगळ्या बिल्डिंगची खबर घेतली. मग म्हणाल्या, वर ने. चढताना मात्र हसू नव्हतं, दम होता. पहिल्या मजल्यावर थांबले, दुसऱ्यावर थांबले. कानाशी त्यांनी हळू विचारलं, "जड होते का वं?"

म्हटलं, "हो, आई."

म्हणाल्या, "होऊ दे."